मनोहरच्या निळ्या गाड्या

मनोहर गेल्याची तार माझ्या हातात पडली ती मुंबईच्या गोदीत उतरल्यावर. तार आली त्या दिवशी आमची बोट समुद्रात होती, आणि ती धक्क्याला लागेपर्यंत खामगावला त्याचं तेरावंही आटोपलं होतं. बोटीवरच्या माणसाला घरची सुखदुःखं अशी शिळी होऊनच कळतात. एवढ्या वर्षांत त्याची सवय झाली असेल असं मला वाटत होतं. पण खामगावच्या स्टँडवर पोचलो, आणि शेगाव, वरवट बकालच्या गाडीची घोषणा दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात ऐकली, तेव्हा मी ट्रंक खाली ठेवून तिथंच बसलो... या पुरवणीच्या वाचकांना मनोहर माहीत असायचं कारण नाही. पण गेल्या वीसेक वर्षांत ज्यांनी खामगावहून गाडी पकडली, त्यांनी त्याचा आवाज नक्की ऐकला असेल. तो तिथं कंट्रोलर होता. दिवसभर गाड्या लावायच्या, गावांची नावं पुकारायची, शिटी मारून गाडी सोडायची. दुपारची जळगाव जामोदची गाडी सोडली, बाकावर टेकला आणि तसाच गेला, असं तिथल्या चहावाल्यानं मला सांगितलं.

आम्ही दोघं मराठी शाळेत एका पाटावर बसायचो. त्याच्या वडलांची स्वतःची सर्व्हिस मोटार होती. एस.टी. यायच्या आधीचे ते दिवस. खामगावहून नांदुऱ्यावरून जळगाव जामोदला ते मोटार न्यायचे, आणि सुटीच्या दिवशी आम्हा दोघांना पुढं, इंजिनाच्या गरम झाकणाशेजारी बसवायचे. मनोहर रस्त्याकडे बघायचाच नाही. वडलांचे पाय कधी कुठं पडतात, हात गिअरवर कसा जातो, तेवढंच बघायचा. तो तेराचौदा वर्षांचा असेल तेव्हा पूर्णा नदीला अचानक पाणी आलं आणि मोटार मधोमध बंद पडली. माणसं टपावर चढली, दोर टाकून त्यांना काढलं. वडील मात्र मोटार चालू करायच्या नादात खालीच राहिले. दोन दिवसांनी मोटार सापडली तेव्हा ते स्टेरिंगमागेच होते.

मनोहरच्या आईला आम्ही सगळेच माय म्हणत आलो. त्या दिवशी ओसरीवर माणसं बसली होती, त्यांच्यादेखत मायनं त्याला जवळ ओढलं. रडत नव्हती ती. म्हणाली, "स्टेरिंगले हात लावशीन तं माहं मेलं तोंड पायशीन." मनोहर हो म्हणाला. त्या वेळी दुसरं काय म्हणणार? पण त्या एका होकारात त्याचं पुढचं सगळं आयुष्य जाऊन बसलं.

मॅट्रिक झाल्यावर मी मुंबई गाठली, बोटीच्या इंजिनखात्यात लागलो. ओळखीनं मनोहरसाठी माझगावच्या एका मोटार कारखान्यात जागाही बघितली. चालवायची नव्हतीच, नुसती दुरुस्ती शिकायची होती. तो निघायच्या आदल्या दिवशी मायनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. नुसती भिंतीला टेकून बसून राहिली. मनोहरनं बांधलेली वळकटी सोडली. मग स्टँडवर नोकरी मिळाली, आणि मला तेव्हा वाटलं, चला, निदान मोटारींजवळ तरी आहे. त्या जवळ असण्याचाच त्याला काय जाच होता ते मला फार उशिरा कळलं. एकदा मी त्याला विचारलं होतं, कंटाळा येत नाही का म्हणून. त्यानं शिटी खिशात ठेवली आणि म्हणाला, "साऱ्याइले जा म्हणतो, रशीद. मलेच कोणी म्हणत नाही."

मनोहरसाठी पहिली खेळण्यातली गाडी मी आणली ती सहज. फ्रान्समधल्या मार्सेयला बोट थांबली होती. बंदरामागच्या गल्लीत एका खेळण्यांच्या दुकानात काचेमागं एक ओतीव धातूची निळी मोटार दिसली. दोन माणसांची, लांब नाकाची, पुढची जाळी घोड्याच्या नालेसारखी. जुन्या काळची फ्रान्सची शर्यतीची गाडी आहे, एवढं दुकानातल्या बाईनं खुणा करून सांगितलं. खामगावला आणून दिली तेव्हा मनोहरनं ती आधी तळहातावर घेतली. मग उलटी केली, भिंगातून खालचे बारीक आकडे वाचले. ती खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाची होती. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा फ्रान्सला लागलो तेव्हा एखादी तरी आणलीच. एक थेंबासारखी मागं निमुळती होत गेलेली, एक डोंगरातल्या शर्यतींची, इंजिन मागं असलेली. फ्रान्सच्या शर्यतीच्या गाड्यांचा रंग निळाच, म्हणून बहुतेक सगळ्या निळ्या. सुवेझचा कालवा बंद पडला, आमच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, तेव्हा मधली बरीच वर्षं मी एकही आणू शकलो नाही. मनोहरनं तक्रार केली नाही. होत्या त्याच रोज पुसायचा. हिवाळ्यात जिनिंग कारखान्यातला कापूस उडून गावभर बसतो, तो त्या इवल्या जाळ्यांत अडकायचा. खारीच्या केसांचा ब्रश घेऊन तो एकेक तंतू काढत बसे. जमिनीवर गाडी चालवलेली मी त्याला कधी पाहिली नाही. स्थळं येत, तो नको म्हणे. मी टोकलं तर म्हणाला, "मी एका शपथेत अडकून आहो. त्याच्यात अजून एकीले काऊन अडकवू?"

एका दिवाळीला मी घरी होतो. सकाळी त्याच्याकडे गेलो तर मनोहर अंगणात खडू आणि फूटपट्टी घेऊन ओणवा झालेला. घोड्याच्या नालेच्या जाळीची ती पहिली गाडी मापून, प्रत्येक मापाला त्रेचाळिसानं गुणून, तो अंगणात खरी गाडी काढत होता. चाकं, बसायच्या जागा, पुढं लांबच लांब बॉनेट. काढून झाल्यावर आत जाऊन बसला. मला म्हणाला, ये, तुझी जागा ही. मी बसलो. दोन मोठी माणसं खडूच्या रेघांत मांडी घालून... मला हसू यायला हवं होतं. पण मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात मांडीवर घट्ट दाबून ठेवले होते. समोर स्टेरिंग काढलेलं होतं, आणि खडूच्या त्या रेघेलाही त्यानं हात लावला नव्हता.

माय दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात सडा घातला तो त्या गाडीला वळसा घालून. तिसऱ्या दिवशीही तसाच. वारा आणि कोंबड्यांनी ती पुसून टाकेपर्यंत मायनं तेवढ्या जागेवर पाणी पडू दिलं नाही. आणि एका सकाळी मनोहर कामावर निघताना म्हणाली, "मी सोडलं तुले. चालव." एवढंच म्हणून ती भाकरी थापायला बसली.

मी चुलतभावाची जीप मागून आणली. गावाबाहेर नांदुऱ्याच्या रस्त्याला, मोकळ्या जागी मनोहर स्टेरिंगमागं बसला. त्याला सगळं येत होतं. किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं, गिअर पडला. पण क्लचवरचा पाय उचलेना. इंजिन धडधडत राहिलं, त्याचा शर्ट घामानं चिंब झाला. शेवटी त्यानं किल्ली काढली. म्हणाला, "इतके वर्स वाटे का मायनं धरून ठेवलं. आता पायतो तं मीच धरून बसलो." परत येताना जीप मी चालवली.

मायला त्यानं खरं ते सांगितलं. ती उठली, खुंटीवरचं धुतलेलं लुगडं नेसली आणि बाहेर येऊन जीपच्या पुढच्या जागेवर चढून बसली. नवरा गेल्यापासून ती कुठल्याच मोटारीत बसली नव्हती. माहेरी जायची ती बैलगाडीनं, भावाच्या मयतीलाही तशीच गेली होती. मी हात द्यायला पुढं झालो तर तिनं मला बाजूला केलं. "मनोहर," ती म्हणाली, "बस इकडं."

तो बसला. डोळे मिटलेली माय एका हातानं समोरची दांडी धरून होती, दुसरा हात तिनं मनोहरच्या गुडघ्यावर ठेवला होता. जीपला एक हिसका बसला आणि ती चालू लागली. मी बाजूनं पायीच चालत होतो, इतकी हळू. पहिल्याच गिअरमध्ये जिनिंगच्या फाटकापर्यंत गेली, तिथं मोठा वळसा घेऊन परत आली. मायनं डोळे उघडलेच नाहीत. मनोहरच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. आनंद म्हणावा तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "झालं."

आणि खरंच झालं. मला वाटलं होतं, आता हा सुटेल. निदान लायसन काढेल, एखादी जुनी मोटार घेईल, माझ्याबरोबर मुंबईला येऊन बोट तरी बघेल. त्यातलं काहीच घडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर स्टँडवर गेला, आणि शेवटच्या दिवसापर्यंत जातच राहिला. शपथ निघाली होती, पण तिच्याभोवती जे आयुष्य घट्ट झालं होतं त्याला दारच नव्हतं. मी एकदा रागावलोही. तो शांतपणे म्हणाला, "एवढ्यात भागते आता माहं." ते ऐकून मला जे वाटलं ते दुःखापेक्षा घुसमटीच्या जवळचं होतं.

परवा मायकडे गेलो तेव्हा ऊन तापू लागलं होतं. उन्हाळा आला की मनोहर सगळ्या गाड्या कपाटातून काढून पाण्याच्या रांजणाजवळच्या गार ओट्यावर मांडायचा. आमच्याकडच्या वैशाखात ते बारीक रबरी टायर ठेवल्या जागी चिकटून बसतात, म्हणून प्रत्येक चाकाखाली पावडर घालायचा. हे त्याचं दर वर्षाचं काम. मी पोचलो तर माय ओट्यासमोर बसून तेच करत होती. तिला आता नीट दिसत नाही. एकेक गाडी चाचपून घेत होती, पावडर लावत होती, खाली ठेवत होती. मी शेजारी बसलो. तिनं एका गाडीवर बोट ठेवून हलकेच दाबलं. आत बारीक स्प्रिंगा असतात, गाडी खाली बसली आणि परत उठली. मायनं पुन्हा दाबलं.

"मी पयलेच बसाले पायजे होतं त्याच्यासंग," ती म्हणाली.

मग तिनं पावडरचा डबा माझ्याकडे सरकवला आणि कपाटातल्या राहिलेल्या गाड्या आणून दे म्हणाली.