तालमीच्या भिंतीवरचं विमान

मला शंभर माणसांची डाळ एकट्याने फोडणीला टाकता येते, हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. हसू नका. ती तापाने फणफणली होती तेव्हा आठ दिवस मी शेजारणीने धाडलेल्या करपलेल्या भाकऱ्या मुकाट्याने गिळल्या, पण तव्याला हात लावला नाही. लावला असता तर हातानेच चुगली केली असती. जे आजवर आईला, बायकोला, देवाला—कुणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला सांगायला बसलोय, आणि बघा, सुरुवात कुठून करतोय! मुद्द्याला सरळ हात घालायचा धीर अजून होत नाही.

आमचं गाव आष्ट्याजवळ. घरटी एक फौजी, पण सगळे पायदळातले. विमानदलात गेलेला मी पहिला. आणि तिथे मी काय करायचो? मेसमध्ये आचारी होतो. कांदे चिरायचो, कणीक तिंबायचो, आणि सकाळी उभ्या विमानांपाशी खपणाऱ्या मिस्त्रींना चहाची किटली नेऊन द्यायचो. यात लाजण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण हे शहाणपण मला आत्ता सुचतंय.

एकाहत्तरची लढाई संपली आणि मी निळ्या गणवेशात रजेवर आलो. तालमीपुढे सत्कार झाला. नारळ, फेटा, हलगी. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दत्तू, किती पाडली रं?" मी तोंडाने खोटं बोललो नाही—हे मी स्वतःला कितीदा बजावलंय! मी फक्त दोन बोटं वर केली. पुढचं सगळं गावाने केलं. त्या दोन बोटांवर माझं लग्नसुद्धा जमलं.

गावाने ठरवलं, तालमीच्या भिंतीवर ही लढाई काढायची. काढणार पारीस पेंटर. हा माझा शाळेतला सोबती. बैलगाड्या, ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा, पण हातात खरी कला. त्याने कुठल्याशा कॅलेंडरवरचं जेट विमान समोर ठेवलं आणि मला रंगाच्या पालथ्या डब्यावर बसवून आठ दिवस पिळून काढलं. पोट कसं असतं? शेपूट केवढं? खालून काय दिसतं? खालून मी काय पाहिलं होतं—चाकं, आणि चाकांपाशी पिनांना लोंबणाऱ्या लाल फिती. मी फिती सांगितल्या. "कशाला असत्यात रं?" त्याने विचारलं. "असतात," मी म्हणालो. किटली ठेवून मी माघारी फिरायचो. पुढे त्या फितींचं काय होतं ते मी कधी थांबून पाहिलंच नव्हतं.

चित्र मात्र काय उतरलं! आपलं छोटं विमान उसळी मारून वर चढतंय, शत्रूचं धुराचा लोट सोडत खाली कोसळतंय, काचेच्या टोपाआड माझा मिशीवाला चेहरा, आणि विमानाच्या पोटाखाली वाऱ्यावर फडफडणाऱ्या लाल फिती. बाजाराच्या दिवशी पार इस्लामपूरकडची माणसं ते बघायला यायची. आया लेकरांना उचलून माझं तोंड दाखवायच्या. मला तालमीवरून जाता येईना, आणि गावात तर दुसरी वाट नाही. रजेवर आलो की मी आजाऱ्यासारखा घरात पडून राहायचो.

त्या चित्रामुळे पारीसला नव्या शाळेच्या भिंती रंगवायचं काम मिळणार होतं. सहा खोल्या आणि मोठं सभागृह. पाट्यांतून सुटका होईल, आता नुसती चित्रं काढीन, असं तो ज्याला त्याला सांगत होता. शाळेच्या समारंभाला साताऱ्याकडचे एक पाहुणे आले—विमानदलातले निवृत्त साहेब, खरेखुरे वैमानिक. नेमका मी रजेवर होतो. सरपंच त्यांना, मला आणि पारीसला भिंतीपुढे घेऊन गेले, मागोमाग सगळं गाव. मी नको नको म्हणत होतो. पण कुणाला काय कारण सांगणार?

साहेब बराच वेळ बघत राहिले. "फार सुंदर काढलंय," ते म्हणाले. मग किंचित हसले. "पण या लाल फिती उडण्याआधी काढतात. पिना तशाच राहिल्या तर चाकं वर जाणार नाहीत, मग लढाई कसली? ज्याने सांगितलं त्याने विमान फक्त उभं असलेलं पाहिलंय."

सगळं गाव माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. खरं तर अजून कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. एक क्षण होता. त्या क्षणात मी खूप काही करू शकलो असतो, नाही का? निदान गप्प तरी बसू शकलो असतो. मी म्हणालो, "फिती याच्या मनच्या आहेत, साहेब. मी याला नको म्हणून सांगितलं होतं."

पारीसने माझ्याकडे बघितलं. डब्यावर बसवून विचारलेले सगळे प्रश्न आणि मी दिलेली सगळी उत्तरं त्या एका नजरेत जागच्या जागी बसली असावीत. रागावला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं. खाली मान घालून म्हणाला, "व्हय सायेब. लाल रंग उठून दिसतोय म्हून म्याच घातल्या."

लोक हसले. सरपंच म्हणाले, "आरं, पोरांच्या शाळंत असलं चुकीचं काडून ठेवशील की!" शाळेचं काम सांगलीच्या माणसाला गेलं. पारीसला 'फितीवाला' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दुसऱ्या दिवशी त्याने निळा रंग आणून फिती झाकल्या, आणि त्यानंतर चित्र म्हणून काढलं नाही. ट्रॉल्यांवर नंबर टाकायचा, पाट्या लिहायचा, बस्स. कुणी मोर काढ म्हटलं तर सांगायचा, मला अक्षरंच येतात.

मी दर रजेला ठरवून यायचो, त्याच्याकडे जायचं. गेलो नाही.

गेल्या वर्षी नोकरी संपली, घर बांधलं, आणि दाराला पाटी हवी झाली. गावात पाटी लिहिणारा एकच. मीच निरोप धाडला. तो आला, ओसरीवर मांडी घालून बसला, माझं नाव लिहिलं. मग कुंचला थांबवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दत्तू, नावाखाली काय लिवू?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको माहेरी गेलेली. माझं खरं काय ते त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्याने मला विचारलं ते एवढंच. काही लिहू नको, नुसतं नाव राहू दे, असं म्हणालो असतो तरी भागलं असतं. कुणीही काही विचारलं नसतं.

मी म्हणालो, "लढाऊ वैमानिक."

त्याने मान हलवली आणि सावकाश, एकेक अक्षर घोटून लिहिलं. कुठे एक चूक केली नाही.