ओल्या भिंतीवरचं हसू

आमचे हे रंगारी. तीस वर्षं झाली, रंगाचा डबा उघडण्याआधी भिंतीला गाल लावून उभे राहतात, डोळे मिटून. भिंत कोरडी लागली की हसतात, ओली लागली की मुकाट्यानं ब्रश गुंडाळतात. लग्नानंतर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चांगलाच नमुना पदरी पडलाय.

मग टीव्हीवाले आले. जुनी घरं घ्यायची, आठवड्यात चकाचक करायची आणि विकायची, असला तो कार्यक्रम. मी एकही भाग सोडायची नाही. त्यात यांना काम मिळालं म्हटल्यावर मी बिल्डिंगभर बोभाटा केला.

त्या घरातली पुढची भिंत कोरडी होती. हे हसले, कॅमेऱ्यानं टिपलं. मागच्या खोलीला मात्र आतून ओल. यांनी त्या कार्यक्रमवाल्या बाईंना तोंडावर सांगितलं, की आधी पाइप बघा, भिंत महिनाभर वाळू द्या, तोवर मी रंग लावणार नाही. बाई गोड बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसराच रंगारी आणला.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी अर्धी बिल्डिंग आमच्या घरात. चहाला कप पुरेनात. पडद्यावर मागची खोली आली, आणि लगेच जवळून यांचा चेहरा, भिंतीला गाल लावून हसणारा. पुढच्या भिंतीवरचं हसू उचलून इथं चिकटवलं होतं मेल्यांनी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मला काय कल्पना.

"ही ती भिंत नाही," हे एवढंच म्हणाले.

घर घेणाऱ्याला सांगायला हवं, असं त्यांचं चाललं होतं. मी म्हटलं, जाऊ द्या हो, आपल्याला काय करायचंय? त्यांनी ऐकलं माझं. पण त्यानंतर कुठलीही भिंत पाहून ते हसले नाहीत. दोन महिन्यांनी कळलं, घर विकलं गेलं, माणसं राहायलाही आली. यांनी चपला घातल्या. मला राहवेना, मीही मागोमाग निघाले.

दार तिथल्या सुनेनं उघडलं. यांना पाहून तिला कोण आनंद! तिनं आत हाक मारली, "अहो आई, टीव्हीतले काका आलेत!" आतून उत्तराऐवजी खोकला आला. सासूबाईंना दमा आहे, म्हणून कोरडं घर शोधत होतो, असं तिनं सांगितलं.

"काका, तुम्ही त्या भिंतीपाशी हसलात ना, तेव्हाच आमचं ठरलं. आईंना तीच खोली दिलीय."

 हे म्हणाले, "ताई, ते हसू दुसऱ्या भिंतीचं होतं. मागच्या खोलीची भिंत आतून ओली आहे. आईंना आजच पुढच्या खोलीत हलवा."

पोरीचा चेहरा खाडकन उतरला. मला तिच्याकडे बघवेना. 'जाऊ द्या' म्हणणारी मीच होते, लाज वाटली मला माझी. हे आत गेले आणि पलंगाची एक बाजू धरली. दुसरी मी धरली.