तीन म्यूट आणि खालच्या मजल्यावरची झोप

पुठ्ठा, डिंक आणि कोरडं बूच. पहिल्या म्यूटचा खोका उघडला तेव्हाचा तो वास अजून नाकात आहे. म्यूट म्हणजे ट्रॉम्बोनच्या, बँडमधल्या त्या लांब पितळी वाद्याच्या कर्ण्यात बसवायचं वाटीच्या आकाराचं झाकण. सूर त्यात अडतो, मवाळ होतो आणि मगच बाहेर पडतो.

जयंतीच्या मिरवणुकीत बँडमध्ये जिथे माझे बाबा ट्रॉम्बोन वाजवत, त्या जागी यंदा प्रथमच मी उभी राहणार होते. चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत सरावाला मला दुपार तेवढी मोकळी. आणि दुपारीच खालचे दादा, चाकणच्या कंपनीत पत्रे दाबणाऱ्या धडधडत्या प्रेस शॉपमधली रात्रपाळी संपवून, झोपलेले असत. वहिनींनी जिन्यात गाठलं.

"ताई, वाजवा की. पन ह्यांची झोप मोडली तर? मी कुकरची दुसरी शिट्टीसुदिक होऊ देत न्हाई."

माझा नवरा एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. त्याने तीन तऱ्हेचे म्यूट मागवले आणि रीतसर ट्रायल ठरवली: मी वर वाजवायचं, त्याने वहिनींच्या स्वयंपाकघरातून फोनवर निकाल द्यायचा. दादा उठले, की म्यूट रिजेक्ट.

पहिला पुठ्ठ्याचा. गोधडीखालून कुणी हसावं तसा त्याचा सूर, उबदार, किंचित गुळमट.

"ओके," नवरा कुजबुजला. "घोरतायत."

दुसरा ॲल्युमिनियमचा. त्याच्या सुराला कड होती. चिंचेने घासलेल्या तांब्यावरचं ऊन डोळ्यांत जावं तशी.

"हाही ओके. वहिनी चहा घ्या म्हणतायत."

"अहो, ट्रायल चालू आहे!"

"म्हणून तर अर्धाच घेतोय."

तिसऱ्याची वाटी पुढेमागे सरकणारी; जितकी आत, तितका आवाज कमी. नवऱ्याने ती स्वतःच्या हाताने कर्ण्याला जवळजवळ चिकटवून ठेवली होती, कारण त्याच्या मते जिंकणार तो हाच. मी फुंकलं. मुंगीने उसासा टाकावा, एवढाच सूर निघाला.

"रिजेक्ट! रिजेक्ट! उठले!"

फोनवर त्याच्या मागून वहिनी म्हणाल्या, "आवाज बंद झाला म्हनून उठले ओ! कंपनीतबी असंच हाय. जेवणाच्या सुट्टीत डोळा लागला, तरी प्रेस थांबला की ताडकन उठून बसत्यात."

"मग वरच्या वाजवण्याचा त्रास होतो का, हे त्यांना विचारलं कुणी होतं?" नवऱ्याचा स्वर आता चौकशी समितीचा झाला होता.

"झोपलेल्या मानसाला कसं इचारायचं?"

तेवढ्यात आमची बेल वाजली. दारात दादा. लुंगी, अर्धे मिटलेले डोळे, गालावर उशीच्या चुणीची लाल रेघ. मी ट्रॉम्बोन छातीशी धरून उभी. मिरवणूक, बाबांची जागा, सगळं आता गेलंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. आधी कर्ण्यातल्या त्या वाटीकडे पाहिलं, मग वाकून नळीकडे, पाळीवर आलेला माणूस यंत्राकडे पाहतो तशा काळजीने. आणि मला विचारलं,

"ब्रेकडाउन?"