मामेसासऱ्यांची दाढ

दाढेखाली धरून खात्री करून घेतल्याशिवाय या जगातली कुठलीच गोष्ट आमच्या मामेसासऱ्यांनी खरी मानली नाही. जळगावच्या एका डाळमिलमध्ये त्यांची हयात गेली. तुरीची गाडी आली की चिमूटभर दाणे उचलायचे, त्यातला एक उजव्या दाढेखाली धरायचा आणि डोळे मिटून फोडायचा. ‘कट्’ वाजला तर माल कोरडा, ‘मच्’ झालं तर ओला. त्यांच्या दाढेखाली मात्र साऱ्या खानदेशची तूर ‘मच्’च करायची. “बठ्ठा माल वल्ला शे!” सगळा माल ओला, हा निकाल ठरलेला. पुढे मिलमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आलं, लोक त्याचंच ऐकू लागले, तरी गाडी खाली करण्याआधी दाणे मामांकडे जायचेच. त्यांचा तो डोळे मिटलेला चेहरा पाहिल्याशिवाय मालकालाही चैन पडत नसावं. ही खोड मिलच्या फाटकापाशी थांबली असती तर ठीक होतं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मामांनी अक्षतांमधला एक दाणा चावला आणि भटजींच्या वरताण आवाजात जाहीर केलं, “वल्ला शे!” ‘सावधान’ मला ऐकूच आलं नाही.

गेल्या वर्षी ती दाढ ठणकू लागली. मी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, “मामा, रूट कॅनल करावं लागेल. पण मुळांमधल्या नळ्या बुजल्यात. वयामुळे आणि दाणे फोडून फोडून आत कठीण थर साचत गेलाय. वाट सापडली तर दाढ राहील, नाहीतर काढावी लागेल.”

मामांचा चेहरा उतरला. “काढू नका, बाई. दाढ नई शे ती, मना कान शे.”

तोंडावर रबराचा पडदा ताणून, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघत बाई केसाएवढ्या सुईने आत चाचपत राहिल्या. पहिल्या खेपेला दोन नळ्या उघडल्या, तिसरी काही केल्या सापडेना. एरवी ज्यांच्यापुढे कुणाला बोलायची सोय नाही, ते मामा खुर्चीचा हात घट्ट धरून गप्प पडले होते. ते म्हातारे झालेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. दुसऱ्या खेपेला बऱ्याच वेळाने बाई हळूच म्हणाल्या, “सापडली.” तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

कॅप बसवल्यावर बाईंनी बजावलं, “आता या दाढेखाली कडक दाणा अजिबात नको. तडकली तर मी काही करू शकणार नाही.”

“मंग ठेवी कसाले?” मामांनी विचारलं.

“जेवायला!”

मामा माझ्याकडे बघतच राहिले. दाढेचा असाही उपयोग असतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नसावं.

परवा धुळ्याला नात्यातलं लग्न होतं. मामा माझ्या शेजारी उभे होते. अक्षता वाटल्या गेल्या, सवयीने त्यांचा हात तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

“चावा, जवाईबापू. मी आयकस.”

त्यांनी कान माझ्या गालाशी आणला आणि डोळे मिटले. मी दाणा फोडला. तो चांगला खणखणीत ‘कट्’ वाजला. पण मंगलाष्टकांच्या त्या गजरात त्यांना ऐकू आला नसावा, कारण ते तसेच डोळे मिटून वाट बघत राहिले.

“वल्ला शे, मामा,” मी म्हणालो.

“मी काय म्हनत व्हतू!” ते खुलले आणि मुठीतल्या साऱ्या अक्षता त्यांनी नवरानवरीवर उधळल्या.