मी पाय, भाऊ बंदूक

कॉम्प्युटरवरचा तो बंदुकीचा खेळ आम्ही दोघं बहीणभाऊ मिळून एका माणसासारखे खेळायचो. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक, आणि आधी कोण बसणार यावरून रोज झिंज्या उपटायची वेळ. शेवटी भावानंच तोडगा काढला. माउस त्याच्याकडे, म्हणजे बंदूक त्याची. बाणांची बटणं माझ्याकडे, म्हणजे चालणं, पळणं, मागे सरकणं माझं. अर्ध्या-अर्ध्या खुर्चीवर टेकून आम्ही त्या शिपायाला भुयारातून फिरवायचो आणि समोर येईल त्या राक्षसाच्या चिंधड्या उडवायचो. मी तेव्हा सातवीत होते, भाऊ डिप्लोमाला. धुळ्यातलं देवपूर भाजून निघत असायचं आणि आम्ही खिडक्या लावून, घामाघूम होऊन राक्षस मारत बसायचो. आई आतून ओरडायची, "आवाज कमी करा रे, बठ्ठा गल्लीले ऐकू जाई राह्यनं!"

"पये, पये!" असं भाऊ ओरडला की मी पळायचे. "मांगे!" म्हटलं की मागे. शाळेत बाईंचं ऐकलं नसेल इतकं मी त्याचं ऐकलं. फक्त एका गोष्टीवरून भांडण व्हायचं. वाटेत औषधाची पेटी दिसायची, ती घेतली की शिपायाची ताकद भरून यायची. भाऊ ती घेऊ द्यायचा नाही. "राहू दे, पुढे लागी," म्हणायचा. मग पुढच्याच वळणावर आम्ही मरायचो आणि पेटी मागे तशीच पडलेली असायची. घरात नवी चादर पेटीत आणि फाटकी अंथरुणावर, तिथं दुसरं काय होणार?

त्या दुपारींना आता पंचवीस-तीस वर्षं झाली. यंदा दिवाळीनंतर भावाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तो डोकं दुखलं तरच घ्यायचा. रोज कशाला, उगाच संपतात, म्हणायचा. त्याला दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्याचं कपाट आवरलं तेव्हा भरलेल्या पट्ट्याच पट्ट्या निघाल्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. त्या मी कचऱ्यात भिरकावल्या आणि वहिनीवर उगाचच ओरडले. तिचा काय दोष? पण भावावर ओरडायची सोय राहिली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी जळगावहून, मेहरूणमधल्या माझ्या घरून, सकाळच्या बसनं मी धुळ्याला जाते. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. व्यायाम शिकवायला एक ताई येतात, त्यांनी मला अंगणात नेऊन स्पष्टच सांगितलं, "हात सुधारेल हो. पण त्यांना बरं व्हायचंच नाही. ती इच्छा मी कुठून आणू?"

आणायची म्हणजे आणायचीच, असं मी ठरवलं. मी हट्टी आहे. तो जुना खेळ शोधला, लॅपटॉपवर टाकला आणि पुढच्या रविवारी दुपारी भावाला उशा लावून बसवलं. वहिनी दारातून म्हणाली, "खेयतीन तं बरंच शे, बाई." मग ती चहा ठेवायला आत गेली.

खेळ सुरू झाला आणि मला हसूच आलं. ज्यांना भिऊन मी खुर्चीवर पाय वर घ्यायचे, ते राक्षस म्हणजे गणपतीच्या देखाव्यातले पुठ्ठ्याचे तुकडे निघाले. रक्त म्हणजे लाल चौकोन. भाऊही पाहत होता. कित्येक दिवसांत त्यानं भिंत सोडून काही पाहिलं नव्हतं. मी त्याचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला. तो मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा घरंगळला. मी घाईघाईनं म्हटलं, "असू दे. आज तू पाय, मी बंदूक."

त्यानं डावा हात बटणांवर ठेवला. शिपाई चालायला लागला. मला इतका आनंद झाला की वहिनीला हाकच मारणार होते.

मोठ्या दालनात आलो आणि चहूबाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. माझा नेम म्हणजे आनंदीआनंद. मी ओरडले, "मांगे, भाऊ! मांगे सरक!" शिपाई पुढे गेला आणि मेला. मला वाटलं, बोट चुकलं असेल. पुन्हा सुरू केला. पुन्हा तो सरळ पुढे गेला. तिसऱ्यांदा समोर कोणीच नव्हतं, हिरव्या तेजाबाचं एक कुंड होतं. भावानं शिपायाला खांबाला वळसा घालून अगदी सफाईनं कुंडाच्या काठाशी आणलं, क्षणभर थांबवलं आणि आत उतरवलं. बोट चुकत नव्हतं. पडदा लाल होत गेला तरी त्यानं ते बटण सोडलं नाही.

मी त्याचं मनगट धरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तोंड वाकडं करत शब्द जुळवले आणि म्हणाला, "जाऊ दे माले."

कुठे, असं मी विचारलं नाही. मला कळलं होतं. मला राग आला होता, त्याच्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. एवढा शहाणपणा करून मी काय आणलं होतं, तर त्याला मरायला एक सोयीची जागा. मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, चाळिशीची बाई, लहान पोरीसारखी. त्याचा डावा हात माझ्या केसांवर आला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली. "काय व्हयनं, बाई? कसाले रडी राह्यनी?"

मी काही बोलायच्या आत भावानं माझं डोकं किंचित दाबलं. मग सगळा जीव एकवटून, अडखळत, बायकोकडे पाहून तो हसला. "खेयमा... हारनी."

वहिनी इतकी खळखळून हसली की चहा ट्रेमध्ये सांडला. "एवढी मोठी व्हयनी आनि आजून हारावर रडस का?" म्हणत तिनं पदरानं माझे डोळे पुसले. मग त्याचा कप उचलून, आनंदानं फुंकर घालत, ती त्याला चहा पाजायला बसली. भाऊ तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होता, डोळ्यांनीच सांगू नको म्हणत.

मी म्हटलं, "हो वहिनी, हरले."