मेणावरचा आकांत

कैरोच्या बुलाक मोहल्ल्यात कुणी मेलं की एक माणूस कफनाचं कापड आणायला धावायचा आणि दुसरा खद्राला बोलवायला. कफन उशिरा आलं तरी कुणी काही म्हणायचं नाही. खद्रा आली नाही तर मात्र गल्ली समजायची, मेलेल्याला घरात काही किंमत नव्हती.

ती बुटकी होती, आडव्या हाडाची, आणि एका डोळ्यात फूल पडलेलं. नवरा लोखंडाच्या कारखान्यात भाजून मेला तेव्हा मुलगा बयूमी चार वर्षांचा होता. सासू पैसे घेऊन रडायचाच धंदा करायची. तिनं सुनेच्या हातात डफ दिला आणि म्हणाली, "स्वतःसाठी रडून पोट भरत नाही, लोकांसाठी रड." खद्रा शिकली. मयताच्या घरी गेली की ती तीनच गोष्टी विचारायची: नाव काय, काम काय करायचा, आवडीनं काय खायचा. मग चेहऱ्याला नीळ फासून डफावर थाप टाकायची, आणि जी सून कालपर्यंत सासूच्या नावानं बोटं मोडत होती तीच ऊर बडवायला लागायची. मशिदीतले शेख तिला नावं ठेवायचे, असलं रडणं धर्मात बसत नाही म्हणायचे. शेखांची आई मेली तेव्हा त्यांच्याच घरून मागच्या दारानं बोलावणं आलं.

तिला सगळे उम्म बयूमी म्हणत, बयूमीची आई. तिचा एक नियम होता. मढं नसेल तिथं गळा काढायचा नाही. लग्नाघरी बायका मागे लागायच्या, "ए उम्म बयूमी, थोडंसं करून दाखव की!" ती उठून चालू लागायची. "मरण कुत्र्यासारखं असतं, बायांनो. यू यू केलं की येतं. मग हाड म्हटलं तरी जात नाही."

मी वहबा. एकतीस साली शुब्रा मोहल्ल्यात कापसाच्या एका जुन्या गोदामात सिनेमाचा स्टुडिओ होता, तिथं मी मेण तापवायचो. हसू नका, मोठं काम होतं ते. आवाज तेव्हा मेणाच्या जाड तबकडीवर सुईनं कोरून घ्यायचे. मेण गार असलं तर सुई खरवडते, जास्त गरम असलं तर आवाज पाघळतो. आणि कोरलेलं मेण लगेच ऐकता येत नसे. ऐकलं की घासून जाई, कामातून जाई. म्हणून आमचा इटालियन यंत्रवाला पिएत्रो सुईवरच्या भिंगातून रेघा बघायचा आणि मनाजोगत्या नसल्या की एक बोट वर करायचा. एक बोट म्हणजे पुन्हा. मग मी कपाटातून दुसरी तबकडी काढायची. भिंतींना रजया आणि उंटाच्या केसांची कांबळी टांगली होती. दार आतून अडसर लावून बंद. रस्त्यावरच्या गाढवांचा बंदोबस्त मात्र कुणालाच जमला नाही.

दिग्दर्शक रऊफ बे यांनी वर्षभर राबून एक मुका सिनेमा काढला होता. हसन नावाचा नावाडी नाईलमध्ये बुडतो आणि त्याची आई काठावर रडते. सिनेमा पुरा झाला आणि त्याच सुमाराला परदेशातले बोलणारे सिनेमे शहरात आले. मुक्या सिनेमाला कुत्रं विचारीना. रऊफ बेंनी ठरवलं, निदान शेवटच्या रिळात तरी आईचा आकांत ऐकू आला पाहिजे. पडद्यावर ती आई पाठमोरी बसली होती, डोक्यावरून काळा मिलाया, बायकांची ती अंगभर चादर, लपेटलेला. त्यामुळे ओठ जुळवायची भानगड नव्हती, कुणीही रडलं तरी चालणार होतं. आधी आमच्या नटीला रडवलं. तबकडी छापून आली, ऐकली. कोकरू भुकेनं ओरडतंय असं वाटलं.

"खरी रडणारी आणा," रऊफ बे म्हणाले.

"बुलाकची उम्म बयूमी," मी म्हणालो.

ती डफ काखेत धरून आली. आत पाऊल टाकताच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही, खाला," मी म्हणालो. "सिनेमातला हसन गेला."

"मढं कुठाय त्याचं?"

"मढं कसलं! तो नट आहे. तो बघ बाहेर, कांदा-भाकरी खातोय."

खद्रा होती तशी मागे फिरली. "तोंडात माती पडो तुमच्या! जित्या माणसाचं मरण माझ्या तोंडून मागता?"

रऊफ बे सभ्य माणूस, कधी आवाज चढवला नाही. "नको तर नको. उन्हाची आलीस, चहा तरी घेऊन जा."

चहा मी दिला आणि तिच्याशी बोलत बसलो. म्हाताऱ्या बायकांशी गोड बोलायला मला छान जमायचं. बयूमी केनाहून माठ भरून येणाऱ्या नावेवर होता, आठवड्याभरात पोचणार होता. आला की हाजी शिहाता माठवाल्याच्या मुलीशी त्याचं लग्न. "लोकांनी माझ्या घरातून आजवर रडणंच नेलं रे वहबा," ती म्हणाली. "आता गाणी होतील." असं म्हणून लाजली. त्या वयात, तसल्या चेहऱ्यानं.

मी आत जाऊन हे सगळं रऊफ बेंना सांगितलं. सहज गप्पा म्हणून सांगितलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला बजावत आलो. पण त्यांनी मुलाचं नाव दोनदा विचारलं तेव्हाच मी समजलो होतो. समजलो, आणि जाऊन कपाटातून पहिली तबकडी काढली.

थोड्या वेळानं नावाड्याच्या वेशातला एक दुय्यम नट डोक्यावरून पाण्याची घागर ओतून घेऊन धापा टाकत आत आला. "उम्म बयूमी इथं आहे का? शोधून शोधून मेलो! खाला, हलवानपाशी डोलकाठी मोडली. बयूमी खाली होता."

तोवर माइक तिच्या डोक्यावर आणून टांगला होता. तिचं लक्षच नव्हतं.

मी तिला कितीतरी घरांत रडताना ऐकलं होतं. हे ते नव्हतं. यात डफ नव्हता, ताल नव्हता. पहिल्याच किंकाळीला सुई रेघ सोडून उडाली. पिएत्रोनं बोट वर केलं. मी तबकडी बदलली.

खद्रा दाराकडे धावली. दाराला अडसर. "सोडा मला, नदीवर जाऊ द्या!"

"त्याला इथंच आणतायत, खाला," रऊफ बे म्हणाले. "बस. तो येईपर्यंत रड."

ती बसली. अंगावरचा मिलाया तिनं उभा फाडला, जमिनीला कपाळ लावलं आणि फरशीशी बोलायला लागली. आवाज माइकपर्यंत पोचेना. पिएत्रोनं दुसऱ्यांदा बोट वर केलं. आम्ही दहा-बाराजण होतो तिथं. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी ते संपलं असतं. सगळे पिएत्रोच्या बोटाकडे बघत होते. दोघांनी माइक तिच्या तोंडापाशी खाली घेतला, मी तिसरी तबकडी लावली.

आता तिचा घसा बसला होता. हळूहळू, एकेक शब्द येत होता. "बयूमी, माझ्या उंटा. तुझ्या पाठीवर माझं घर होतं रे. आता ते मी कुठं उतरवू? नवरीची मेंदी भिजवलीय, बयूमी, ती कुणाच्या हाताला लावू?" तीन मिनिटं. रेघा बारीक, सरळ, एकसारख्या. पिएत्रोनं भिंगातून डोळा काढला आणि हसला.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे जगात पुष्कळ आहेत. आम्ही जित्याच्या टाळूवरचं खाल्लं.

"उम्म बयूमी, अभिनंदन!" रऊफ बे म्हणाले. "तुझा मुलगा सुखरूप आहे. काही झालेलं नाही त्याला." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "मग मी रडले ते कुणाला?" असं विचारलं. फाटक्या कपड्यात रस्त्यानं जाता येईना, म्हणून नटीचा नवा रेशमी मिलाया तिच्या अंगावर टाकला आणि तिला घरी धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती स्टुडिओच्या दारात. रऊफ बेंचे पाय धरले. "मोडा ती तबकडी. ती जितक्यांदा वाजेल तितक्यांदा मी पोराच्या मरणाला हाक मारीन."

"अगं, मेण आहे ते. मेणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना!"

तबकडी तोवर छपाईला गेलीही होती. पण एक अडचण राहिली. पडद्यावर मेलेला होता हसन आणि आकांत होता बयूमीच्या नावानं. आवाज काही दुरुस्त करता येत नव्हता. रऊफ बेंनी मग उलटं केलं. सिनेमा मुकाच होता, संवाद पाट्यांवर लिहिलेले. दोन दिवसांत सगळ्या पाट्या बदलल्या आणि नावाड्याचं नाव झालं बयूमी.

सिनेमा तुफान चालला. सगळं बुलाक बघायला लोटलं. पोरं गल्लीत "माझ्या उंटा" म्हणत ऊर बडवायची. बयूमीची नाव वारा पडून वाटेत रखडली; तो महिन्याभरानं परतला, धडधाकट, उन्हानं काळा पडलेला, आणि धक्क्यावरच त्याला ऐकू आलं, "काय रे, मेलास ना तू?" तोही मित्रांबरोबर सिनेमाला गेला. आईनं त्याला काय घडलं ते सांगितलं होतं आणि त्यानं तिच्यावर विश्वासही ठेवला होता. तो हसत गेला आणि हसत परत आला, असं म्हणतात.

हसले नाहीत ते हाजी शिहाता. ज्याची आई तीन वेळा तो मेला म्हणून रडली त्या मुलाला मुलगी कोण देईल? त्यांच्या दुकानात बैठक बसली. शेख म्हणाले, "आईला फसवून रडवलं असेल तर तिचा दोष नाही. तीन रोजे ठेवावेत, विषय संपला. पण जाणूनबुजून, काही घेऊन, पोटच्या पोराचं नाव घेऊन रडली असेल, तर हाजी, मुलगी तुमची आहे. मी द्या म्हणणार नाही."

"फसवलं मला," खद्रा म्हणाली.

पडद्यामागून हाजींची बायको बोलली, "पोरगा मेला म्हणून फसवलेली बाई रेशमी मिलाया पांघरून घरी येते होय? आम्ही नाही का पाहिलं?"

"वहबाला विचारा," खद्रा म्हणाली. "चहा त्यानंच दिला. तो होता तिथं."

मला निरोप आला. निघताना रऊफ बेंनी खांद्यावर हात ठेवला. "पिएत्रो परत चाललाय इटलीला. यंत्रावर कुणाला बसवावं याच्या विचारात आहे मी. आणि हे बघ, फसवलं वगैरे वर्तमानपत्रात यायला नको." एवढंच. मला धमकी दिली नाही, विनवणी केली नाही. मी दाव्याला बांधलेल्या बैलासारखा गेलो असंही नाही. चालत गेलो, वाटेत दाढी करून घेतली.

"वहबा, माझ्या लेकरा," खद्रा म्हणाली, "सांग यांना. नावाडी आला होता ना? हलवानचं सांगितलं ना त्यानं?"

बयूमी माझ्याकडे बघत होता. शेखांनी शपथ घ्यायला सांगितली. मी घेतली.

"नावाडी कुणी आलेला मी पाहिला नाही," मी म्हणालो. "रडायला बोलावलं होतं, रडली. मिलाया आवडला तिला."

ती माझ्यावर ओरडली नाही. मुलाकडे वळली. बयूमी उठला. "माये," तो म्हणाला, "मी तुला रेशमी आणला असता की." त्याच रात्री तो दमियेत्ताला जाणाऱ्या नावेवर चढला. तिथंच त्यानं पुढं लग्न केलं, मुलं झाली. बुलाकला पुन्हा आला नाही, आईला कधी बोलावलं नाही. खद्राला त्यानंतर मयताचं बोलावणंही आलं नाही. घरातलं दुःख जी विकते तिला कोण घरात घेईल? ती पुलाच्या तोंडाशी भिजवलेल्या शेंगांचे दाणे विकत बसायची. मी तिकडून जाताना रस्ता ओलांडायचो.

तीन वर्षांनी रऊफ बेंना पुन्हा एक आकांत हवा झाला. आता सिनेमे सगळे बोलणारे होते, पण मेणावरची आमची जुनी रीत त्या स्टुडिओत अजून चालू होती, आणि यंत्रावर मी होतो. काचेच्या खोपटात बसायचं, कानाला भोंगे लावायचे, डोळा भिंगाला. बोट वर करणारा आता मीच होतो. त्यांनी खद्राला बोलावलं. मला वाटलं, थुंकेल आणि जाईल.

ती आली. माइकखाली स्वतःच जाऊन बसली.

"आज नाही म्हणणार नाहीस ना?" रऊफ बेंनी हसून विचारलं.

"आता माझं कोण राहिलंय मरणानं न्यायला?" ती म्हणाली. "नाव काय घेऊ?"

"काहीही घे. पाट्यांची कटकट नाही आता. घेशील तेच ठेवू."

तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत टिपूस नव्हता. अडसर लागला, मी सुई टेकवली.

"वहबा," ती म्हणाली. "वहबा, माझ्या लेकरा. दाढी करून, नवे कपडे घालून कुठं निघालास रे? चहाचा पेला तसाच ठेवून कुठं गेलास? तुझी खाट मी कुणासाठी झाडू?"

माझी आई तेव्हा जिवंत होती, घरी मसूर निवडत बसली असेल. आवाज भोंग्यांतून सरळ डोक्यात शिरत होता. सुई उचलायला नुसतं बोट लावायचं होतं. भिंगाखाली रेघा बघत राहिलो, इतक्या सुंदर रेघा मी आयुष्यात कोरल्या नव्हत्या. रऊफ बेंनी काचेपलीकडून खुणेनं विचारलं, कसं उतरतंय?

मी मान हलवून सांगितलं, छान.