दूधवालीचे डोळे

बाबांची विमा कंपनीत जयपूरला बदली झाली तेव्हा मी नववीत होते. मुरलीपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरी रोज संध्याकाळी एक तरुण दूधवाली यायची. लागोपाठ पावसाने दगा दिला, गावातली विहीर आटली, म्हणून नवरा-बायको एकुलती एक म्हैस घेऊन शहराच्या कडेला राहायला आलेली. तिला दिवस गेले होते.

त्या वर्षी भाद्रपद आला तरी वारा भट्टीतून आल्यासारखा गरम. घरात गणपती बसले होते आणि खिरीसाठी आईने जास्तीचं दूध सांगितलं होतं. दूधवाली आली तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने पातेलं पुढे धरलं. तिने माप कलतं केलं आणि सगळं दूध आईच्या पायांवर ओतलं.

"अगं, लक्ष कुठंय तुझं?" आई ओरडली.

ती खाली बसून फरशी चाचपडू लागली. व्हरांड्यात आम्हाला सगळं दिसेल इतका उजेड होता. मी तिच्या तोंडासमोर हात हलवला. पापणीही लवली नाही.

"दिन ढलते ही कुछ नहीं दिखता, बहनजी," ती म्हणाली. "दीवार पकड़कर आती हूँ."



दुसऱ्या दिवशी आई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाती क्या हो?"

"बाजरे की रोटी. मिर्च की चटनी."

"सब्ज़ी? दूध?"

"सब्ज़ी कहाँ मिलती है? दूध तो बिक जाता है."

डॉक्टरीणबाई आईकडे वळल्या. हा रातांधळेपणा आहे, म्हणाल्या. पोट भरतं, पण डोळ्यांना लागतं ते त्यात काहीच नसतं. पाऊस नाही म्हणून हिला भाजी नाही आणि म्हशीला हिरवा चारा नाही. "बाहर बेंच पर सब ऐसी ही हैं," त्या म्हणाल्या.

बाकावरच्या त्या बायका मी येताना पाहिल्या होत्या. बहुतेक सगळ्या पोटुशा.

घरी येताच आई बाबांकडे गेली. "रोज आपल्याला दूध घालते ही," ती बाबांना म्हणाली, "आणि हिचेच डोळे चाललेत, अहो. खायला नाही म्हणून!"

त्या दिवसापासून आई तिला समोर बसवून दूध प्यायला लावायची, पालकाची भाजी वाढायची. सुरुवातीला ती संकोचाने मान खाली घालून जेवायची. औषधही चालू होतं. एका संध्याकाळी फाटकातूनच ती मला म्हणाली, "पीला सूट अच्छा लग रहा है." मी धावत आत जाऊन आईला सांगितलं.

थंडीत तिला मुलगी झाली. इतकी एवढीशी, की आईला तिला उचलून घ्यायची भीती वाटली. पुढे चारा मिळेनासा झाला. म्हैस विकून ते दोघं वीटभट्टीवर कामाला निघून गेले. ती मुलगी पुढे कशी वाढली, वाढली की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही.